पाऊस नसताना तंबू आतून ओला: पानगळीतल्या मुक्कामाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार मित्र, एकच चारमाणशी तंबू, पानगळीच्या दिवसांत तळ्याकाठी दोन रात्री. पाऊस नव्हता. तरी पहिल्या सकाळी छतावरून टपटप थेंब, स्लीपिंग बॅगांचे पाय ओले, मॅटखाली ओल आणि दुसऱ्या रात्री थंडीने कुणाचाच डोळा लागला नाही. आता तंबू वॉरंटीत बदलून मागावा की शिवणींना सीलंट (फटी बुजवायचा लेप) चोपडावा?

माझं मत: दोन्ही करू नका. हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. तंबू कसा ठोकायचा, सामानाची यादी काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

तुमच्या लिखाणातलं एकच वाक्य मला महत्त्वाचं वाटलं: ‘थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या आणि वरचे व्हेंट (हवा जायची झरोके) घट्ट बंद केले होते.’ घोळ तिथेच झाला. बाकी सगळं त्याच्याच मागून आलं.

जरा हिशेब करा. झोपलेला माणूस, घाम न येताही, श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. चौघांचं झालं एक लिटर. चारमाणशी तंबूत हवा धरा पाच घनमीटर. 10 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त नऊ-साडेनऊ ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे अख्ख्या तंबूत पन्नास ग्रॅमसुद्धा नाही. शून्य अंशाला तर त्याच्याही निम्मं. मग उरलेलं पाणी जाणार कुठे? सगळ्यांत थंड पृष्ठभाग सापडेल तिथे ते बसतं, आणि तंबूत सगळ्यांत थंड असतं ते फ्लायचं, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या आवरणाचं, कापड. निरभ्र रात्री ते आकाशाकडे उष्णता सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर दव साचतं ना, तोच प्रकार. फरक इतकाच, की इथे टपाच्या आतही चार माणसं पाणी सोडत असतात.

म्हणजे तंबू गळत नाहीये. आणि खिडक्या बंद करून मिळालं काय? तंबूचं पातळ कापड ऊब धरून ठेवत नाही. बंद तंबू बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंश गरम, बस्स. तेवढ्यासाठी बॅग भिजवली, आणि ओल्या बॅगेने पुढच्या रात्री त्याहून कितीतरी जास्त ऊब घालवली. पिसांची बॅग असेल तर पिसांच्या गुठळ्या होतात, फुगवटा जातो, आणि फुगवट्याशिवाय पिसांना काही किंमत नाही. सिंथेटिक भरण ओलं झालं तरी थोडीफार साथ देतं.

खरोखर गळतंय का, हे तपासायला अर्धा तास पुरतो. कोरड्या दिवशी अंगणात किंवा गच्चीवर तंबू ताणून लावा, आत कुणी बसू नका, नळीने वरून पाच-दहा मिनिटं पाणी सोडा, मग आत जाऊन शिवणींवरून कोरडा टिश्यू फिरवा. गळतीचं पाणी एका जागी किंवा एका रेषेत सापडतं: शिवणीवर, दोरीच्या बंदाच्या टाक्यांपाशी, खालच्या कोपऱ्यात. दवाचं पाणी मात्र पातळ थरासारखं सगळीकडे पसरलेलं असतं, डोक्याच्या बाजूला जास्त, आणि कापडाला धक्का लागला की सरी येतात. मॅटखालची ओलही बहुतेक वेळा जमिनीतून वर आलेली नसते. आतलंच बाष्प गार तळाला लागून तिथे पाणी होतं. अपवाद एक: तंबूखाली ताडपत्री घातली असेल आणि तिची कड बाहेर डोकावत असेल, तर पावसात ती पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणते. ताडपत्री चारही बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर आत दुमडलेली हवी.

वॉरंटीबद्दल थोडा राग काढू द्या. नाव घेत नाही, पण एका सेवा केंद्राने असाच एक तंबू ठेवून घेतला, आठवड्यांवर आठवडे काढले, अख्खा मोसम घालवला आणि कागदावर एक ओळ लिहून परत पाठवला: ‘दोष आढळला नाही.’ आढळणार कसा? ते बाहेरून पाणी मारून बघतात. आत चार माणसं झोपवून, रात्री पारा पाच अंशांवर नेऊन कुणी बघत नाही. दोष नव्हता हे खरंच, पण ‘रात्री व्हेंट उघडे होते का’ एवढा प्रश्न फोनवर विचारला असता तर सगळ्यांचाच वेळ वाचला असता. विकतानाही हे कुणी सांगत नाही. वर ‘चारमाणशी’ हा शब्द असा छापतात की जणू चौघं ऐसपैस झोपतील. त्याचा अर्थ चार मॅट एकमेकींना खेटून मावतात, इतकाच. बॅगेचे पाय आणि डोकं मग आतल्या कापडाला घासतात, आतलं कापड ओल्या फ्लायला टेकतं, आणि ओल झिरपते. तुमच्या बॅगांचे पाय ओले झाले ते याच वाटेने असावेत. तीन माणसांना चारमाणशी, किंवा चौघांना दोन तिमाणशी तंबू, हे माझं ठाम मत. वजन वाढतं, मान्य.

आता वारं कसं खेळवायचं ते. हवा खालून शिरून वरून बाहेर पडली पाहिजे. नुसता वरचा व्हेंट उघडून भागत नाही. फ्लायची खालची कड जमिनीला चिकटवू नका, चार बोटं वर राहू द्या. दाराची चेन वरून वीतभर उघडी ठेवा. फ्लायच्या दाराला दोन्हीकडून सरकणारी चेन असेल तर ते सोपं जातं आणि वरच्या झापेमुळे पाऊसही आत येत नाही. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा. बाजूच्या दोऱ्या पिशवीतच राहू देऊ नका, त्या वादळापुरत्याच नसतात: त्या ताणल्या की फ्लाय आणि आतलं कापड यांत अंतर राहतं. नायलॉनचं कापड ओलसर हवेत सैल पडतं, म्हणून झोपायच्या आधी एकदा टॉर्च घेऊन सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा. पॉलिएस्टरला हा त्रास बराच कमी.

ओले मोजे, टॉवेल, बूट आत वाळत घालू नका. आतल्या आत ते वाळत नाहीत, त्यांचं पाणी फक्त छतावर जातं. दाराबाहेरच्या झाकलेल्या जागेत पिशवीत घालून ठेवा.

आणि मित्रांचं. प्रत्येक टोळक्यात एक जण असतो जो पहाटे दोनला उठून गुपचूप सगळ्या चेनी बंद करतो. निघण्याआधीच बोलून घ्या आणि सगळ्यांत गरम बॅग त्याला द्या. गंमत म्हणून सांगत नाही, याने खरंच फरक पडतो. तोंड बॅगेत खुपसून झोपणाऱ्यालाही समजवा: श्वासाचं पाणी सरळ भरणात जातं. डोक्याला टोपी, गळ्याला बफ (नळीसारखा गळपट्टा), नाक बाहेर.

जागेबद्दल, कारण तळ्याकाठ ही तुमची दुसरी चूक. गार हवा जड असते, रात्री उतारावरून वाहत खाली येते आणि खोलगट जागेत साचते. पाण्याजवळ आर्द्रता जास्त. दोन्ही मिळून दव आणि थंडी दोन्हींची हमी. तिथून वीस-तीस मीटर चढून, किंचित वारं लागणाऱ्या सपाट जागेवर तंबू लावला तर कित्येकदा दोन-तीन अंशांचा फरक मिळतो. झाडांच्या छत्राखाली दव कमी पडतं, कारण फ्लायच्या वर उघडं आकाश नसतं. पण वर मान करून बघा: वाळकी फांदी लटकत असेल तर ती जागा सोडा, दव परवडलं.

चांगली जागा शोधायला उजेड लागतो, आणि तोच या दिवसांत फसवतो. दिवस सगळ्यांत झपाट्याने लहान होतो तो विषुवदिनाच्या आसपास. 45 अंश अक्षांशावर दररोज साधारण तीन मिनिटं, म्हणजे पंधरवड्यात पाऊण तासाच्या जवळपास. दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या सहलीचं वेळापत्रक तसंच उचललं की अंधारात पोचणार, आणि अंधारात माणूस हमखास सपाट, मऊ, खोलगट जागाच निवडतो. सूर्यास्ताआधी दोन तास मुक्कामी पोचायचं.

झोपायच्या सामानात लोक पैसे बॅगेवर घालतात आणि मॅटवर वाचवतात. माझ्या मते हे उलटं आहे. अंगाखालचं भरण वजनाने दबतं, तिथे बॅग जवळजवळ नसल्यासारखीच. जमिनीची थंडी अडवते ती मॅट. मॅटवरचा ‘आर’ आकडा बघा, तो जितका मोठा तितकी मॅट थंडी जास्त अडवते. उन्हाळ्यात दोनच्या आसपास चालतो, शून्याच्या जवळ जाणाऱ्या रात्रींना चार तरी हवा. हे आकडे बेरजेचे असतात: दोनची फोम मॅट आणि अडीचची फुगवायची मॅट एकावर एक टाकली तर साडेचार झाले. आत भरण नसलेला गुबगुबीत एअरबेड मात्र थंडीत सगळ्यांत वाईट. आतली हवा फिरत राहते आणि रात्रभर पाठ गार.

बॅगेवर आयएसओ 23537 या मानकाप्रमाणे (जुन्या बॅगांवर ईएन 13537) तीन तापमानं असतात: कम्फर्ट (आरामात झोप लागते ते), लिमिट (जेमतेम झोप लागते ते), एक्स्ट्रीम. खरेदी करताना फक्त कम्फर्ट वाचा, आणि तोही रात्रीच्या अंदाजित नीचांकाच्या चार-पाच अंश खालचा निवडा. पुष्कळदा मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा लिमिटचा असतो. एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडाच नाही, त्या तापमानाला शरीर धोक्याच्या हद्दीत गेलेलं असतं. शिवाय चाचणीतला पुतळा अंतर्वस्त्रं-मोजे घालून, चांगल्या मॅटवर आणि कोरड्या बॅगेत झोपवलेला असतो. तुम्ही दुसऱ्या रात्री कसल्या बॅगेत होतात ते आठवा.

आता दुसरी रात्र कशी वाचवायची. व्हेंट उघडे ठेवूनही वारा पडलेल्या, दमट रात्री थोडं पाणी धरणारच, तेव्हा सकाळचा क्रम ठरलेला असू द्या. उठल्याबरोबर, कुणी तंबूला धक्का मारायच्या आधी, मायक्रोफायबरच्या फडक्याने फ्लाय आतून पुसा आणि फडकं बाहेर पिळा. ऊन आलं की बॅगा उलट्या करून, चेन पूर्ण उघडून दोरीवर टाका. पिसांची असेल तर गुठळ्या बोटांनी चिमटून मोकळ्या करा. हे दुपारवर ढकलू नका. या दिवसांत ऊन तिरकं आणि थोडकं, चार वाजता सावली आली की हवा दमट होऊ लागते आणि सकाळभर वाळवलेलं पुन्हा ओलं होतं. सावली पोचायच्या आत बॅगा आत. सूर्यास्ताआधी फ्लायला हात लावून बघा, पुष्कळदा ती तेव्हाच ओलसर लागते.

ऊब कमी पडली तर झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत लिटरभर कढत पाणी, बाटलीला मोजा, आणि ती मांड्यांमध्ये. झोपण्याआधी लघवी आणि काहीतरी खाणं, हे कुणी गंभीरपणे घेत नाही, घ्या.

तंबूत शेगडी किंवा निखारे मात्र अजिबात नाहीत, दार उघडं ठेवूनही नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि विझत आलेले कोळसेही तो सोडत राहतात. इथे माझं मत वगैरे काही नाही, लोक यात झोपेतच जातात. शिवाय 100 ग्रॅम ब्यूटेन जळला की सुमारे 155 ग्रॅम पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे छताला आणखी पाणी.

गॅसचा विषय निघालाच आहे तर: सकाळी स्टोव्ह मिणमिणत असेल तर तोही बिघडलेला नसतो. साधा ब्यूटेन शून्याच्या अर्धा अंश खालीच उकळतो, आयसोब्यूटेन उणे 12 च्या आसपास, प्रोपेन उणे 42 ला. मिश्रणातला प्रोपेन आधी संपतो, म्हणून अर्धा झालेला डबा थंडीत रुसतो. रात्री डबा बॅगेत घ्या, किंवा सकाळी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. कोमट म्हणजे हाताला सोसवेल इतकंच. डबा आगीजवळ नेऊ नका.

सीलंट विकत घेऊन ठेवलाच असेल, तर आधी कापड ओळखा. सिलिकॉनच्या लेपाच्या कापडावर सिलिकॉनचाच सीलंट धरतो, पॉलियुरेथेनचा सोलून निघतो. आतला लेप हाताला चिकट लागत असेल, आंबूस वास मारत असेल किंवा त्याचे पापुद्रे सुटत असतील, तर तो लेपच मेलाय आणि शिवणी सील करून काही होणार नाही. ओला तंबू पिशवीत ठेवल्याने हे लवकर होतं, तेव्हा तुमचा अजून पिशवीतच असेल तर आज काढून दोरीवर टाका. नळीची चाचणी करून थेंब नेमके कुठे सापडले ते लिहा. शिवणीवर सापडले तर मी वर जे म्हटलं त्यातलं अर्धं मागे घेईन.