शिक्का इंग्रजीत कसा?

प्रश्न : मी स्टुटगार्टला असतो. रविवारच्या जुन्या बाजारात १५ युरोंना चिनी मातीची एक ताटली घेतली. मध्ये काळा आयर्न क्रॉस (जर्मन लष्करी पदक), त्यावर १९१४, कडेला काळी-पांढरी-लाल रेघ. मागे ‘मेड इन जर्मनी’. खरंच पहिल्या महायुद्धातली असेल? जेवायला वापरली तर चालेल का? बायको म्हणते, भिंतीवर लावू नका, शेजारी काय म्हणतील!

उत्तर : मला तो मागचा शिक्काच खटकतोय. परदेशी मालावर देशाचं नाव हवं, हा हट्ट ब्रिटिशांच्या १८८७च्या कायद्याचा. महायुद्धात ‘देव इंग्लंडला शासन करो’ असं कपबश्यांवरसुद्धा छापणारे जर्मन लोक घरच्या ताटलीवर इंग्रजी शिक्का कशाला मारतील? निर्यात अडल्यावर आधीच शिक्का मारलेला कोरा माल देशातच खपवला असेल, एवढी फट ठेवते. पण फार आशा धरू नका.

भिंग घ्या. रंगांत सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर छपाई अलीकडची. जुन्या चित्रातले ठिपके वेडेवाकडे असतात. मग ताटली पालथी घाला. बुडाच्या कड्याला दोन बारीक भोकं सापडली तर चांगली खूण. यातल्या कितीतरी ताटल्या तार ओवून भिंतीवर टांगायलाच केलेल्या, त्यामुळे वर सुरीचे ओरखडे नसतात. कड्याचा झिलई नसलेला भाग मात्र शंभर वर्षांत मळकटलेला हवा.

जेवायला नकोच. रंग आणि सोनं झिलईच्या वर चढवून मंद आचेवर भाजलेलं असतं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्यात आपल्या आमटीत चिंच नाहीतर कोकम. माझ्याकडच्या, जर्मन सेनापती हिंडेनबुर्गच्या कपाची सोनेरी कड मीच एका दुपारी सोड्याने घासून घालवली. त्यातून चहा प्यायची हौस, दुसरं काय!

वहिनींना सांगा, हा क्रॉस प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा, १८१३ सालचा. त्याला जर्मनीत बंदी नाही. १९३९च्या क्रॉसमध्ये मधोमध नाझींचं स्वस्तिक असतं. ते चारचौघांत मिरवणं मात्र गुन्हा.

माझी लाडकी ताटली जर्मनीतल्या झेल्ब गावच्या रोझेन्थाल या चिनी मातीच्या कारखान्याची, त्यावरही असाच क्रॉस आहे. कारखाना काढणारे फिलिप रोझेन्थाल ज्यू घराण्यातले. १९३४ साली त्यांना त्यांच्याच कारखान्यातून बाहेर काढलं. ताटली कपाटात उभी केली आहे, त्यांच्या नावाची बाजू काचेकडे करून.