स्ट्रीट ग्लाइडला नुसते स्पीकर बदलून भागत नाही

भाऊ, २०१५ ची हार्ले-डेव्हिडसन स्ट्रीट ग्लाइड स्पेशल, ८० च्या पुढे गेलं की गाणं ऐकूच येत नाही, म्हणून ३०० वॉटवाले स्पीकर मागवतोयस, बरोबर? जरा थांब. मी पण हेच केलं होतं आणि साताऱ्याला पोचेपर्यंत कळलं की पैसे पाण्यात गेले.

बॉक्सवर लिहिलेले ३०० वॉट म्हणजे स्पीकर जास्तीत जास्त किती झेलेल ते, तुझं हेडयुनिट (गाडीतला म्युझिक प्लेअर) देतंय चॅनेलला, म्हणजे एकेका स्पीकरला, २५ वॉट, मग ३०० वाला लाव नाहीतर १०० वाला, फरक शून्य. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, ८८ डीबीच्या जागी ९१ वाला घेतलास तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. आणि साडेसहा इंचीच घे, २०१३ पर्यंतच्या गाड्यांचे सव्वापाच इंची कोणीतरी स्वस्तात गळ्यात मारेल. स्पीकरचा कोन (पडदा) कागदी नको, आंबोलीच्या एका पावसात त्याचा पापड होतो.

पण खरा फरक अ‍ॅम्पने पडतो. हा आवाजाची पॉवर वाढवणारा डबा, क्लास डी प्रकारचा घे, लहान असतो आणि कमी तापतो, फेअरिंगमधे (हँडलसमोरच्या कव्हरमधे) बसतो. हेडयुनिटमधे कंपनीचं इक्वलायझर सेटिंग स्टॉक स्पीकरच्या हिशोबाने भरलेलं असतं, ते डीलरकडून फ्लॅश करून (सॉफ्टवेअरमधून बदलून) घे नाहीतर अ‍ॅम्प लावूनही आवाज विचित्रच येतो. हाय पास फिल्टर, म्हणजे खालचे सूर स्पीकरकडे न सोडणारं सेटिंग, १०० हर्ट्झच्या आसपास ठेव, हायवेवर खालचा बास तसाही वाराच खातो, उगाच स्पीकरचे हाल.

वायरिंग मात्र समोर उभं राहून करून घे. ग्लाइडचं फेअरिंग हँडलबरोबर वळतं, म्हणजे बॅटरीपासून टाकीखालून आलेली पॉवरची वायर प्रत्येक वळणाला वाकते. माझ्या दुकानदाराने ती ताणून बांधली होती, तिसऱ्या महिन्यात पार्किंगमधे हँडल लॉक केलं आणि मानेपाशी (हँडल फ्रेमला जोडलेलं असतं तिथे) धूर! इन्सुलेशन घासून तांबं फ्रेमला टेकलेलं. विचारलं तर म्हणे, साहेब अ‍ॅम्पला फ्यूज आहे की. अरे पण शॉर्ट झाला मधेच, अ‍ॅम्पच्या टोकाचा फ्यूज काय करणार? फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात पाहिजे. मानेपाशी थोडी ढिली वायर सोड, स्लीव्ह घाल, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, मगच फेअरिंग बंद करू दे.

तेवढं झालं की फोटो टाक, गेन (येणाऱ्या सिग्नलची पातळी) कसा सेट करायचा ते सांगतो, तोवर त्याच्या स्क्रूला हात लावू नकोस.