वेफर्स लाल का होतात? बटाटा कसा पारखायचा?

प्रश्न: मी घरून वेफर्स करून विकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मस्त पांढरे होतात, पण पावसाळ्यात त्याच व्यापाऱ्याचा बटाटा घेतला की लालसर, कडवट. तेल बदललं, चकत्या पाण्यात भिजवल्या, फरक नाही. कुठला बटाटा घेऊ? (वाचक भगिनी, चाकण)

उत्तर: ताई, तेलाचा काही दोष नाही, सगळा घोळ बटाट्यातल्या साखरेचा आहे. पावसाळ्यात येणारा बराचसा माल कोल्ड स्टोरेजचा, तिथे मोड येऊ नयेत म्हणून 2 ते 4 डिग्रीला ठेवतात आणि त्या गारठ्यात स्टार्चची साखर व्हायला लागते, मग तळताना तीच लाल होते आणि कडवट लागते. भिजवून फक्त वरवरची साखर जाते, आतली तशीच राहते.

वेफर्सला 100 ग्रॅम बटाट्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज मिळून 100 मिलिग्रॅमच्या आत हवं आणि घनपदार्थ (पाणी सोडून उरणारा भाग) 20 टक्क्यांच्या वर, पाणचट बटाटा तेल फार पितो. पुखराज जातीचा बटाटा भाजीला छान पण वेफर्सला नको. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 मध्ये खास यासाठी कुफरी चिप्सोना-1 आणि 2 आणले, नंतर चिप्सोना-3 आला, ते मिळाले तर उत्तमच. लेडी रोझेटा, अटलांटिकही चालतात. फ्रेंच फ्राइज करायचे असतील तर लांबट कुफरी फ्रायसोना बघा.

पण नुसत्या नावावर जाऊ नका, चिप्सोनाही 4 डिग्रीला महिनोन्महिने राहिला की बिघडतो. व्यापाऱ्याला सरळ विचारा की माल 10-12 डिग्रीचा आहे का, बाजारात त्यालाच शुगर फ्री बटाटा म्हणतात (डायबेटिसवाल्यांनी नावाला भुलू नये, स्टार्च सगळा तिथेच असतो!).

आणि पोतं घ्यायच्या आधी नमुना आणून घरी तपासा. एक लिटर पाण्यात साधारण 125 ग्रॅम मीठ विरघळवून बटाटे सोडा, बुडाले तर घट्ट, तरंगले तर पाणचट. मग पाच-सहा बटाट्यांच्या मधल्या आणि देठाकडच्या चकत्या बुडबुडे थांबेपर्यंत तळा. देठाकडे साखर जास्त साठते, म्हणून ती बाजू आधी लाल होते, तिथेच खरं कळतं. मधलीही लाल झाली तर तो लॉट सोडून द्या. आधीच घेऊन ठेवला असेल तर घरात अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे पसरून ठेवा, साखर बरीच उतरते, पण मोड यायला लागले की लगेच वापरा आणि हिरवा पडलेला बटाटा मात्र तळायला घेऊच नका.