बंद गाडी, चालू भाव

प्रश्न: नमस्कार दादा. मी परतूर तालुक्यातला. आमच्या पाहुण्याच्या गावाला एक महिंद्राची एमएम ५४० जीप गोठ्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षांपासून उभी आहे, १९९४ ची, फोर बाय फोर, प्युजो इंजन. मालक वारले, पोरगा विकायलाय. १ लाख ६० हजार म्हणतो, आणि वरून म्हणतो बॅटरी टाकली की चालू होती, थोडंच काम आहे. लातूरला अशीच चालू जीप कागदासहित ३ लाख १० हजाराला बघून आलो. आमच्या मेस्त्रीनं फुल इंजन कामाचे ७० हजार सांगितले. आरसी २०१९ ला रिन्यू केलेली, २०२४ ला संपली, नाव अजून वडिलांचंच आहे. पावसाळ्यात आमच्या रानाकडं पाणंदीनं ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही म्हणून घ्यायची, आणि खरं सांगतो, हौस पण आहे. घ्यावी का?

उत्तर: घ्या, पण १ लाख ६० ला नाही आणि इतक्यात तर मुळीच नाही. आधी ते बॅटरीचं बघू. बॅटरी टाकून गाडी चालू होत असती तर पोरानं कधीच टाकली असती ना भाऊ, चालू गाडीला दीड-दोन पट भाव येतोय हे त्याला बी माहितीय. त्यामुळं "थोडंच काम आहे" हे वाक्य ऐकलं की इंजन गेलेलंच आहे असं धरायचं आणि तिथून भाव करायचा. नंतर चांगलं निघालं तर तो तुमचा फायदा.

आणि इंजनची मला एवढी काळजी वाटत नाही. ते प्युजोचं एक्सडीपी आहे, २११२ सीसी, सगळं मेकॅनिकल, ना सेन्सर ना कम्प्युटर. आपल्याकडं ट्रॅक्टरचे मेस्त्री गावोगाव आहेत, त्यांना असलं इंजन उघडायला काही वाटत नाही. पंप-नोझलवाल्याकडं जाऊन पंप करून घ्यायचा, हीटर प्लग बघायचे (थंड इंजन चालू करायला आतून तापवणारे, या इंजनला ते लागतातच, बरेच लोक विसरतात आणि थंडीत सेल्फ मारून मारून बॅटरी झोपवतात), रिबोर (झिजलेले सिलिंडर आतून घासून घेणं) लागला तर रिबोर. पैसे जातात, पण मार्ग असतो.

मार्ग नसतो तो कागदाला आणि चासीला. कागदाचं आधी सांगतो. वडील वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागती, त्याला फॉर्म ३१, आणि तो तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो, इथं तर तो दिलेलाच दिसत नाही. मग वारसाकडून तुमच्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. आता पोरगा एकटाच आहे का अजून भाऊ-बहिणी आहेत हे विचारा, कारण जीप तुम्ही नीट करून दारात उभी केली, चकाचक पेंट मारला की मगच एखादा भाऊ उगवतो आणि म्हणतो माझी सही कुठंय. सगळ्यांची संमती आधी घ्या. त्यात आरसी संपलेली. ती रिन्यू करायला गाडी आरटीओला नेऊन दाखवावी लागती, म्हणजे चालू असावी लागती, ब्रेक-लाईट सकट. अडचण बघा कशी आहे, कागद करायला गाडी चालू पाहिजे आणि गाडी चालू करायला तुमचा पैसा पाहिजे, तोपर्यंत कागदावर मालक कोण तर वारलेला माणूस. म्हणून सगळी रक्कम एकदम देऊच नका. थोडी इसार म्हणून द्या, स्टँपवर लिहून घ्या, बाकी रक्कम ट्रान्सफर झाल्यावर. पोरगा नाही म्हणला तर तिथंच चहा पिऊन उठा.

खर्च पण धरा. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांपुढच्या हलक्या गाडीची रिन्यूअल फी १०,००० झालीय, रिन्यूअल मिळतं ५ वर्षांचं, शिवाय ग्रीन टॅक्स, उशिराचा दंड महिन्यागणिक चढतोय, आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट पण लावावी लागणार. एम परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा, चलन किती आहेत आणि बँकेचा बोजा अजून चढलेला आहे का. बोजा असला तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणणं हे पोराचं काम, तुमचं नाही.

मग जीपपाशी जा, दिवसा जा, आणि मेस्त्रीला दाखवायच्या आधी स्वतः खाली झोपा. चासी नंबर चासीवर पंच केलेला असतो, वायर ब्रशनं घासून आरसीशी आकडा-आकडा जुळवा. इंजन नंबर पण. जुन्या जीपमध्ये इंजन बदललेलं फार सापडतं, प्युजो काढून डीआय (महिंद्राचंच दुसरं डिझेल इंजन) बसवतात, आणि आरसीवर चढवत नाहीत. आपला भाग कोरडा, कोकणातल्या गाडीसारखा गंज इकडं धरत नाही, पण तुमची ही गोठ्याला लागून उभी आहे, शेण-मुतानं चासी खालून खाल्ली जाती. स्प्रिंगच्या पाट्याचे हँगर जिथं जोडलेत तिथं आणि स्टेअरिंग बॉक्सच्या मागं स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. पत्रा सडला तर डेंटरकडं इलाज आहे, चासीला वेल्डिंगचे थर दिसले तर सोडून द्या.

इंजन जाम आहे का ते बघायला सेल्फ मारायची गरज नाही. आधी डिपस्टिक काढा, ऑइल चहासारखं दुधाळ असलं तर पाणी मिसळलंय. मग हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवा. फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. आणि एक हात जोडून सांगतो, ट्रॅक्टरला बांधून टोचन देऊन गिअरमध्ये टाकून चालू करू नका, गावात हमखास कोणीतरी सुचवतोच. सहा वर्षं चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा अशा झटक्यानं सिलिंडर ओरबाडतात आणि टाकीतला गंज पंपात जातो.

फोर बाय फोर बंद गाडीत पण तपासता येतं. दगड लावून गाडी पक्की अडवा, गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांचे हब लॉक, फोर बाय फोरचा दांडा ओढा, मागचं एक आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला. मागचं हातानं फिरवलं की पुढचं फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर ज्यासाठी घ्यायलात तेच नाही.

आता हिशोब. इंजन ७० हजार तुमच्या मेस्त्रीचे. टायर सहा वर्षं उभे राहून तडकलेले असणार, ३० धरा. ब्रेक, क्लच, वायरिंग (उंदरांनी ठेवली असली तर), रेडिएटर, टाकी मिळून ४०. कागद आणि टोचन २०. झाले १ लाख ६०. यावर पाव हिस्सा न दिसलेल्या कामाचा, ४० हजार, तो निघतोच. २ लाख. लातूरच्या ३ लाख १० मधून वजा करा, राहिले १ लाख १० हजार. हा तुमचा शेवटचा आकडा, ८० पासून बोलणी सुरू करा. त्याच्या वर जायचं तर सरळ लातूरची चालू जीप घ्या, पेरणीच्या आत रानात तरी जाईल.

प्रश्न: २०१३ ची थार सीआरडीई बंद अवस्थेत स्वस्तात मिळायलीय, धाराशिवकडची. मालक म्हणतो सेन्सरचा प्रॉब्लेम आहे. टेक्निकल काय बघू? — एक वाचक, कळंब

उत्तर: पहिलं पाणी बघा. २०२५ च्या सप्टेंबरात तिकडं केवढा पूर आला ते तुम्हाला मी सांगायला नको. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, शेवटच्या वितीत गाळाचा डाग सापडतो, तो कोणी धूत नाही. कार्पेट उचला, डॅशबोर्डखालच्या वायरींचे कनेक्टर हिरवे पडलेत का बघा, मागच्या ॲक्सलच्या हौसिंगचं ऑइल थोडं सोडून दुधाळ आहे का बघा. इंजनात पाणी असताना कोणी सेल्फ मारला असला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्यालाच लोक सेन्सर म्हणतात. वरच्या जीपला जे लागू ते इथं नाही, हे कॉमन रेल म्हणजे कम्प्युटरवर चालणारं इंजन, इंजेक्टर आणि ईसीएमचं (इंजनच्या कम्प्युटरचं) काम ट्रॅक्टर मेस्त्रीकडं होत नाही. स्कॅनर लावायला मालक तयार नसला तर विषय संपला. इन्शुरन्स क्लेम कधी घेतला ते पण विचारा.

प्रश्न: मिलिटरी लिलावातली जिप्सी आहे म्हणतायत, कागद नाहीत, पण मला फक्त रानात चालवायची. चालेल ना? — एक वाचक, सेलू

उत्तर: लिलावातली असली तर लिलावाचा कागद असतोच. कागद नाही म्हणजे लिलाव नाही, हे धरून चाला. आणि रानात जायला गावचा रस्ता ओलांडता का नाही?

प्रश्न: आमच्या ह्यांनी तीन वर्षांपूर्वी बंद जीप आणून अंगणात उभी केली. दर दिवाळीला म्हणतात यंदा काम काढतो. आता त्यात कोंबड्या अंडी घालायल्यात. भंगारवाला किलोवर मागायलाय, देऊन टाकू का? — एक ताई, जिंतूर

उत्तर: ताई, आरसी कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. साध्या भंगारवाल्याला दिली तर पत्रा-लोखंड जालन्याच्या सळईच्या भट्टीत जाईल, पण कागदावर गाडी जिवंत राहील, आणि तुमचा नंबर दुसऱ्याच जीपवर फिरला तर विचारपूस तुमच्या दारात. द्यायचीच तर सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला द्या, ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, त्यावर आरटीओत आरसी रद्द करून घ्या. भाव थोडा कमी बसला तरी चालेल. आणि ह्यांना विचारून द्या हो, नाहीतर पुढच्या अंकाला त्यांचं पत्र येईल.