वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी टीम कशी निवडावी? एकाच ठिकाणच्या पेशंटचे अनुभव इतके वेगळे का असतात?

तुम्ही लिहिलंय की दोन ठिकाणी चौकशी झाली, दोन्हीकडचे सर्जन अनुभवी आहेत, पण एकाच हॉस्पिटलात ऑपरेशन झालेल्या दोघींपैकी एक म्हणते "आयुष्य बदललं" आणि दुसरी म्हणते "टीमने वाऱ्यावर सोडलं". विश्वास कोणावर ठेवायचा? आणि स्लीव्ह (जठर कापून अरुंद नळी उरवणं) करावं की बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं)?

दोघींवरही ठेवा. पहिलीला पाचव्या आठवड्यात उलट्या झाल्या नसतील आणि दुसरीला झाल्या असतील, फरक कधीकधी एवढाच असतो. ऑपरेशन टेबलावर सगळं सुरळीत झालं तर बहुतेक टीम सारख्याच चांगल्या वाटतात. टीमची खरी ओळख पटते ती महिन्याभराने, पेशंट घरून फोन करतो आणि समोरच्याला त्याची फाईल आठवत नसते तेव्हा.

मी अशाच टीममध्ये डाएटिशियन म्हणून काम करते. तुमच्या प्रश्नातलं "वाऱ्यावर सोडलं" वाचलं आणि एक नोंदवही डोळ्यांसमोर आली. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

त्या नोंदवहीतल्या एका पेशंटचं स्लीव्ह झालं होतं. ऑपरेशन उत्तम झालेलं. गळती नाही, रक्तस्राव नाही, तिसऱ्या दिवशी घरी. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, इथपर्यंत तक्रार नव्हती. मऊ अन्न सुरू केलं आणि उलट्या लागल्या. तिने फोन केला. उत्तर मिळालं: घास लहान घ्या, वीस-पंचवीस वेळा चावा, जेवणाआधी आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. सल्ला बरोबरच होता, पहिल्या फोनला मीही हेच सांगितलं असतं. तीन दिवसांनी दुसरा फोन. उचलणारी व्यक्ती वेगळी, सल्ला तोच. मग तिसरा, मग चौथा. नोंदवहीत चार नोंदी, चार वेगळी हस्ताक्षरं आणि मजकूर जवळपास एकच: "उलटी. आहाराबद्दल समजावलं." चौथ्या नोंदीपुढे कंसात लिहिलेलं होतं, "सूचना पाळत नाही".

त्या बारा दिवसांत तिच्या पोटात पाणीसुद्धा धड टिकत नव्हतं. व्हिटॅमिनच्या गोळ्या उलटून पडायच्या, म्हणून तिने त्या बंद केल्या होत्या. या दोन्ही गोष्टी चारही फोनवर कोणी विचारल्या नाहीत, आणि तिने आपणहून सांगितल्या नाहीत, कारण चौथ्यांदा तेच ऐकून घ्यायची तिला लाज वाटत होती. गळून गेल्यावर घरच्यांनी जवळच्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजचं सलाईन लावलं. त्या दिवशी जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवरची अक्षरं दोन-दोन दिसायला लागली. संध्याकाळपर्यंत ती भिंत धरून, पाय फाकवून चालत होती. टीमपुढे आली तेव्हा "माझ्या बोटाकडे बघा" म्हणून बोट बाजूला नेलं की बुबुळं थरथरायची.

हा थायमिनचा, म्हणजे बी-१ चा, तीव्र अभाव. त्याला वेर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. शरीरात थायमिनचा साठा 25 ते 30 मिलिग्रॅमच असतो आणि खाणं बंद झालं की तो दोन-तीन आठवड्यांत संपतो. पेशी ग्लुकोज जाळतात तेव्हा थायमिन लागतं. साठा तळाला गेलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूचे ठरावीक भाग उपाशी पडतात. म्हणून थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. निदान पक्कं वाटत असेल तर शिरेतून 200 ते 500 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. सोबत मॅग्नेशियम तपासून भरून काढायचं, कारण ते कमी असेल तर दिलेलं थायमिन नीट कामाला लागत नाही. रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. डोळे लवकर सुधारतात, चाल सुधारायला आठवडे किंवा महिने जातात, आणि उशीर झाला तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं. हिचे डोळे दोन दिवसांत ताळ्यावर आले. आधाराशिवाय जिना उतरायला मात्र तीन महिने लागले.

नंतर एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, झाली. स्लीव्हच्या मधल्या वळणावर नळी अरुंद झाली होती. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि उरते ती केळ्यासारखी वाकलेली नळी. त्या वळणावर स्टेपलची (कापलेली कड बंद करणाऱ्या पिनांची) ओळ जरा आत ओढली गेली किंवा नळीला पीळ बसला, की पाणी कसंबसं सरकतं आणि घट्ट अन्न अडतं. फुग्याने ती जागा रुंद करावी लागली. म्हणजे बाई पंचवीस वेळा चावत होती आणि पाणीही वेगळं पीत होती. तिने सूचना तंतोतंत पाळल्या होत्या.

"सूचना पाळत नाही" या तीन शब्दांवरून माझं सहकाऱ्यांशी अनेकदा वाजलंय आणि माझं मत बदललेलं नाही. उलटीचं शारीरिक कारण तपासल्याशिवाय हे शब्द कोणाच्याही फाईलवर येता कामा नयेत. एकदा लिहिले की पुढचा प्रत्येक जण तिथूनच वाचायला सुरुवात करतो. समोरून मुद्दा येतो की प्रत्येक उलटीला एन्डोस्कोपी करत बसायची का? नाही. बहुतेक उलट्या घाईने खाल्ल्यामुळे, कोरडं मांस किंवा ब्रेड अडकल्यामुळेच होतात आणि त्या एक-दोन दिवसांत थांबतात. पण फोनवर तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. गेल्या चोवीस तासांत किती पाणी पोटात टिकलं? लघवी किती वेळा झाली आणि रंग कसा होता? गोळ्या टिकतात का? पाणीच टिकत नसेल तर त्याच दिवशी बोलवायचं. उलट्या दोन-तीन दिवसांच्या पुढे गेल्या तर कारण सापडो न सापडो, थायमिन सुरू करायचं, आणि गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनने. ज्यादा थायमिन लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे दिल्याने नुकसान होण्याची भीती जवळपास नाही.

तेव्हा चौकशीला जाल तेव्हा "किती ऑपरेशनं केलीत?" हे विचाराच, पण त्यानंतर असं विचारा: "ऑपरेशनला तीस दिवस झाले, रात्री अकरा वाजता उलट्या होतायत. फोन कोण उचलणार आणि त्याच्यासमोर माझ्या आधीच्या फोनची नोंद असणार का?" उत्तर देताना चाचपडले तर तुम्हाला उत्तर मिळालं.

डिस्चार्जच्या कागदावरूनही टीम कळते. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचे डोस त्याच कागदावर कमी केलेले किंवा बंद केलेले दिसायला हवेत. खाणं अचानक घटलेलं असताना जुनेच डोस चालू ठेवले तर साखर धोकादायक खाली जाते. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातलं मधुमेहाचं औषध घेत असाल तर ते ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवायला सांगतात का बघा. ते चालू राहिलं तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं, आणि साखर नॉर्मल म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

त्याच कागदावर नाडीचा आकडा असावा. स्टेपलच्या ओळीतून गळती झाली तर पोट दुखण्याआधी नाडी वाढते. स्वस्थ बसलेलं असताना नाडी मिनिटाला 120 च्या वर टिकून असेल, ताप असेल, डावा खांदा दुखत असेल, धाप लागत असेल, तर फोनवर सल्ला घेत बसायचं नाही, निघायचं. जाड पोटात आतली सूज बाहेरून हाताला लवकर कळत नाही, त्यामुळे "पोट मऊ आहे, काळजी नको" या शब्दांवर समाधान मानू नका. स्लीव्हची गळती घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही होऊ शकते.

ऑपरेशनआधीच्या दोन आठवड्यांच्या आहाराबद्दल पेशंट सर्वांत जास्त चिडलेले असतात, आणि चूक समजावणाऱ्याची असते. रोज 800 ते 1000 कॅलरीचा तो आहार तुमच्या निग्रहाची परीक्षा नाही. यकृताची डावी बाजू जठरावर पसरलेली असते आणि चरबीने सुजलेली असते. ती उचलून धरल्याशिवाय दुर्बिणीतून जठराचा वरचा कोपरा दिसत नाही. दोन आठवड्यांत यकृत आक्रसतं आणि जागा होते. एवढं सांगितलं की लोक तो आहार पाळतात. "पाळला नाहीत तर ऑपरेशन रद्द" अशी धमकी दिली की लपवून खातात.

गोळ्यांचं सांगते, कारण तिथे वर्षभराने गाडी घसरते. लोक सगळ्या गोळ्या सकाळी एकदम गिळतात. कॅल्शियम आणि लोह एकमेकांना अडवतात, त्यामुळे दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम सायट्रेट रूपातलं घ्या, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि ते आता कमी असतं. दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम, एका वेळी 500-600 च्या वर नाही, जास्तीचं शोषलंच जात नाही. लोह पाळी चालू असलेल्या बाईला 45 ते 60 मिलिग्रॅम. बी-१२ तोंडाने रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला 1000 चं इंजेक्शन. डी-३ रोज 3000 युनिट, रक्तातली पातळी 30 नॅनोग्रॅमच्या (दर मिलिलिटरला) वर जाईपर्यंत. प्रथिनं रोज 60 ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. चघळायच्या गमी गोड लागतात, पण बहुतेकांत लोह नसतं आणि थायमिनही अनेकदा नसतं. पाकिटामागचं वाचा. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्त तपासायचं, पुढे दरवर्षी, आयुष्यभर. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतील. ते बहुतेक वेळा परत येतात, घाबरून महागडी तेलं घेऊ नका.

मूल हवं असेल तर 12 ते 18 महिने थांबा, आणि तोवर गर्भनिरोधक नीट वापरा. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं राहिला नाही तो गर्भ राहतो. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका.

दुसऱ्यांचे अनुभव वाचताना ऑपरेशनला किती काळ झालाय ते आधी बघा. तिसऱ्या महिन्यात सगळ्यांचंच वजन उतरतं, कौतुक तेव्हाचंच असतं. वजन सर्वांत खाली येतं 12 ते 18 महिन्यांनी, मग थोडं परत चढतं. दोन वर्षं उलटलेला माणूस "अजून टीम फोन करते" म्हणत असेल तर ती टीम धरा.

आता स्लीव्ह की बायपास. हे मी तपासल्याशिवाय सांगू शकत नाही, तरी ठोकळ सांगते. छातीत जळजळ जोराची असेल तर बायपास, कारण स्लीव्हने ती वाढू शकते. सांधेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी औषधं कायम लागणार असतील तर स्लीव्ह, कारण बायपासच्या जोडावर अल्सर होतो. सिगारेट सुटत नसेल तर त्याच अल्सरच्या भीतीने बायपास टाळतात. मधुमेह जुना आणि हट्टी असेल तर बायपासचं पारडं जरा जड. बायपासनंतर चरबी वितळली की आतड्यांच्या पडद्यांमधल्या फटी मोठ्या होतात आणि आतडं त्यात अडकू शकतं. कधीकधी हे कित्येक वर्षांनी होतं. जेवल्यावर येणारी पोटातली कळ सारखी परत येत असेल तर साधा गॅस समजू नका. साधी सोनोग्राफी त्यासाठी पुरत नाही, सीटी लागतो, आणि सीटी नॉर्मल येऊनही कळ थांबत नसेल तर पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून बघावं लागतं.

वरची नोंदवहीची हकिगत वाचून ऑपरेशन रद्द करू नका, हे आधीच लिहायला हवं होतं. वेर्निके क्वचित होतो आणि या ऑपरेशनचा जिवाचा धोका हजारात एकाच्या आसपास आहे. माझं भांडण उलट्यांच्या चार फोनांशी आहे, ऑपरेशनशी नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना हे ऑपरेशन करायला मीच पाठवते.

आणि जिथे कराल तिथून एक कार्ड लिहून घ्या, पाकिटात ठेवायला. त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख, टीमचा रात्रीचा नंबर, आणि खाली मोठ्या अक्षरात: "उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या. नाकातून नळी आंधळेपणाने घालू नका." तिच्याकडे हे कार्ड असतं तर त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते वाचलं असतं. त्यांच्या हातात तेव्हा एक गळून गेलेली बाई होती आणि तिच्या पोटावर पाच छोटे व्रण होते, बाकी काहीच नव्हतं.