कणावर अँटिबॉडी बसवली की जनुक थेट स्नायूत पोहोचतं का?

तुम्ही एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीवर (डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचं जनुक बिघडल्याने स्नायू झिजत जाणारा आजार) काम करायची इच्छा आहे. तुम्ही विचारलंय की जनुक वाहून नेणाऱ्या लिपिड नॅनोपार्टिकलवर, म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म कणावर, स्नायूला ओळखणारी अँटिबॉडी बसवून तो शिरेतून दिला, तर तो आपसूक स्नायूत जाईल का.

तेवढ्याने जाणार नाही. बराचसा माल यकृतात उतरेल. मी माटुंग्याच्या एका प्रयोगशाळेत सहा वर्षं असेच कण बनवतेय आणि माझं रोजचं भांडण याच गोष्टीशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कण रक्तात पडला की काही मिनिटांत रक्तातली प्रथिनं त्याच्यावर चढतात. त्यातलं एक अपोलिपोप्रोटीन ई. यकृताच्या पेशी कोलेस्टेरॉल वाहून आणणारे कण याच प्रथिनावरून ओळखून आत घेतात, आणि आपला कणही त्यांना त्यातलाच वाटतो. शिवाय यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला साधारण १०० नॅनोमीटरची भोकं असतात. स्नायूतल्या केशवाहिन्यांची भिंत मात्र सलग असते. तुमची अँटिबॉडी कितीही नेमकी असली, तरी ती ज्याला धरणार तो स्नायुपेशीवरचा रिसेप्टर त्या भिंतीपलीकडे आहे आणि इकडे यकृताचं दार सताड उघडं. लिपिड कणातूनच दिल्या जाणाऱ्या पॅटिसिरान या औषधाने याच गोष्टीचा फायदा घेतला. ते २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते ज्या आनुवंशिक आजारावर आहे, त्यातलं बिघडलेलं प्रथिन मुख्यतः यकृतातच बनतं, त्यामुळे कण तिथे गेलेला हवाच होता.

म्हणून माझं म्हणणं असं की स्नायूसाठी वाहन आखायला बसलात, तर पहिला विचार यकृताचा करा. तिथे कमी कसं जाईल, आणि गेलंच तर जनुक तिथे गप्प कसं बसेल? गप्प बसवायची सोय जनुकाच्या बांधणीतच करता येते. प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा भाग, असा घेतात की तो स्नायूच्या पेशीतच चालू होतो. त्याच्या जोडीला, जनुकावरून पेशीत जो संदेश (एमआरएनए) बनतो, त्याच्या शेपटाकडे मायक्रोआरएनए-१२२ या छोट्या आरएनए-तुकड्याला चिकटायला जागा ठेवतात. हा मायक्रोआरएनए यकृताच्या पेशीत भरपूर असतो, बाकी अवयवांत नगण्य. त्यामुळे यकृतात संदेश तयार झाला तरी तिथेच नष्ट होतो आणि स्नायूत तो शाबूत राहतो. मला ही युक्ती फार आवडते. पाकीट चुकीच्या घरी पडलं, तरी त्या घरच्यांना पत्र वाचताच येऊ नये, तशी.

मी यकृतावर एवढा जोर का देते, तेही सांगते. ड्यूशेनसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली जीन थेरपी एएव्ही या विषाणूच्या कवचातून दिली जाते. तिचा डोस वजनाच्या दर किलोमागे १३३ लाख कोटी कण. स्नायू अंगभर पसरलेले, म्हणून एवढी मात्रा. त्यातला मोठा वाटा यकृतात जातो. २०२५ मध्ये हे उपचार घेतलेल्या, चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. नेमकेपणा वाढला की डोस कमी करता येतो, आणि डोस कमी होणं म्हणजे काय हे या दोन घरांना विचारावं.

एएव्हीत जागेचीही अडचण आहे. मध्यंतरी परळला पालकांच्या एका बैठकीत एका आईने मला विचारलं, "मॅडम, मायक्रोडिस्ट्रॉफिन म्हणतात, तर त्यात नेमकं किती कापलेलं असतं?" मी वहीच्या पानावर अकरा सेंटिमीटरची रेघ ओढली. डिस्ट्रॉफिन बनवायचा डीएनएतला मजकूर सुमारे ११,००० अक्षरांचा, म्हणून अकरा. कवचात मावतात जेमतेम ४,७०० अक्षरं, आणि त्यातच प्रमोटरही बसवायचा. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, चार सेंटिमीटरच्या अलीकडे खूण केली, थोडा वेळ बघत बसल्या, आणि कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

कवच बदलायचं कामही जोरात चालू आहे. एएव्हीचं कवच ६० प्रथिनांचं असतं. त्याच्या बाहेर आलेल्या एका वळणात सात-आठ अमिनो आम्लांचा तुकडा घालतात. असे लाखो वेगवेगळे तुकडे घालून सगळी कवचं एकदम प्राण्याला टोचतात आणि जी स्नायूत पोहोचली, तीच वेचून पुन्हा टोचतात. २०२१ मध्ये जाहीर झालेली मायोएएव्ही कवचं अशीच सापडली. पण या पद्धतीतला धोका विसरू नका. २०१६ मध्ये पीएचपी.बी नावाचं कवच उंदरांच्या मेंदूत अफाट चांगलं पोहोचलं होतं. नंतर कळलं की ते उंदरांच्या काही जातींतच चालतं, आणि ते ज्या एलवाय६ए प्रथिनाला धरतं, ते प्रथिन माणसात नाहीच. म्हणून एखादा पेपर वाचताना प्रयोग कुठल्या जातीच्या उंदरावर केलाय, ते आधी बघा.

आपल्या मुंबईतलं उदाहरण याच्या उलट आहे. पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये विकसित झालेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरात मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्या टी-पेशी (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी) बाहेर काढून त्यांत लेंटिव्हायरस या विषाणूने जनुक घालतात आणि पेशी परत देतात. पत्ता शोधायचा प्रश्नच येत नाही. रक्ताच्या पेशींना हे जमतं, पण स्नायू काही असे बाहेर काढून परत लावता येत नाहीत.

तुमच्या प्रोजेक्टबद्दल. एएव्हीच्या मागे लागू नका, वर्षभरात होणार नाही. ल्युसिफरेज या उजेड पाडणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए भरलेले लिपिड कण घ्या आणि सी२सी१२ स्नायुपेशींच्या शेजारी हेपजी२ या यकृताच्या पेशींची प्लेट ठेवा. प्रयोग सीरम, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांचा द्रव, घालूनच करा, नाहीतर रक्तात काय होईल ते कळणार नाही. स्नायूशी संबंध नसलेली एखादी अँटिबॉडी लावलेले कणही सोबत हवेत. बऱ्याचदा तेही तितकेच आत शिरतात आणि मग तुमच्या अँटिबॉडीचं श्रेय किती, ते उघड होतं. उजेड कमी दिसला तर कण आत गेलाच नाही असं लगेच धरू नका. पेशीने गिळलेला बहुतेक माल एंडोसोममध्येच, म्हणजे पेशीतल्या पिशवीतच, अडकून राहतो.

आणि एक बारीक गोष्ट. लिपिडची कुपी फ्रीझरमधून काढल्याबरोबर उघडू नका. माझ्या पहिल्याच जुलैत मी ती घाईत उघडली, पावसाळी हवेतलं पाणी आत गेलं आणि ८० नॅनोमीटरच्या जागी २०० च्या वरचे कण निघायला लागले. दोन आठवडे मी अँटिबॉडीलाच दोष देत होते. आता कुपी बाहेर काढते, अर्धा तास तशीच बंद ठेवते, बाहेरचं दव पुसते आणि मगच झाकण फिरवते.