झिर्कोनियमचा सेन्सर आणि झिरकॉनची अंगठी

प्रश्न असा आहे: भोसरीच्या गॅरेजात गाडीच्या एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरबद्दल ‘झिर्कोनियमचा सेन्सर गेला’ म्हणतात आणि लक्ष्मी रोडवरचा सराफ ‘झिरकॉनची अंगठी’ दाखवतो. दोन्ही एकच का?

वस्तू एकच, नावं दोन्ही चुकीची! अंगठीतला ‘अमेरिकन डायमंड’ आणि सेन्सरातली सिरॅमिक नळी, दोन्ही झिर्कोनिया, म्हणजे ऑक्साइड. झिर्कोनियम हा धातू. झिरकॉन हे सिलिकेट खनिज. केरळात चवऱ्याच्या वाळूत ते मिळतं.

खरी गंमत पुढेच आहे. फारसीत ‘जर’ म्हणजे सोनं, ‘गून’ म्हणजे रंग. जरगून म्हणजे सोनेरी, आणि त्यावरूनच झिरकॉन नि झिर्कोनियम ही नावं. हाच ‘जर’ आपल्या जरीकाठात, जरतारीत, जरीपटक्यात. अवेस्तेतला ‘जरन्य’ आणि संस्कृत ‘हिरण्य’ सख्खी भावंडं, म्हणजे हिरण्यगर्भ आणि झिर्कोनियम एकाच घरचे. ‘गून’ आणि आपला ‘गुण’ यांचंही नातं असावं, असं माझं मत. भाषाशास्त्रज्ञ भुवया उंचावतात, उंचावू देत.

काही कोशकार मात्र ‘आजरगून’, म्हणजे अग्निवर्ण, असा उगम धरतात आणि जरीला दाराबाहेर ठेवतात. शेंदराच्या अरबी नावासाठी ते चालेल. पण जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोटने 1789 साली ज्यातून हे नवं द्रव्य ओळखलं, ते सिलोनचे ‘जार्गों’, म्हणजे झिरकॉनचे, खडे बहुधा फिकट पिवळे नाहीतर बिनरंगी. त्यांत शेंदूर दिसला कुठे?

उच्चारही सांभाळा. ‘झि’ वाचताना आपण ‘झिम्मा’तला झ काढतो, हवा आहे ‘जरी’तला ज.

हां, सेन्सर. तिथे धातू चालणारच नाही, कारण त्यातून इलेक्ट्रॉन सरळ वाहतील. यिट्रिया (यिट्रियम धातूचं ऑक्साइड) मिसळलेल्या झिर्कोनियातून सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या वर ऑक्सिजनचे आयन सरकतात. नळीच्या आत हवा, बाहेर एक्झॉस्ट, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा सच्छिद्र थर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून व्होल्टेज तयार होतं. इंधन जास्त झालं की 0.8 ते 0.9 व्होल्ट, कमी झालं की 0.1 च्या आसपास. यिट्रियाशिवाय नळी भाजली तर थंड होताना 1000 अंशांच्या आसपास स्फटिकरचना बदलते, आकारमान 4-5 टक्के फुगतं आणि नळी तडकते. गॅस्केटला भलतंच सिलिकोन सीलंट लावलं, तर त्याच्या वाफेतून सिलिकाचा पांढरा थर प्लॅटिनमवर बसतो, छिद्रं बुजतात आणि सेन्सर सुस्तावतो. आणि सिग्नलच्या वायरवर मल्टिमीटर ओहमवर लावून ‘चेक’ करू नका. मीटरचा स्वतःचा करंट नळीत जातो. व्होल्टवरच पाहा, तेही इंजिन तापल्यावर.